बँड मारले, रक्त थांबलं, पण पुढं काय? अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांची लांबची गोष्ट

मामांच्या डिस्चार्ज कार्डावर खालून दुसऱ्या ओळीत डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रिपीट ईव्हीएल आफ्टर ३ वीक्स', म्हणजे तीन आठवड्यांनी परत दुर्बिणीतून शिरांना रबरी बँड मारायला या. घरात ती ओळ कुणी वाचलीच नाही, वाचली असती तरी कळली नसती, कारण आम्हाला एवढंच माहीत होतं की मामांना रक्ताची उलटी झाली, दुर्बिणीतून सहा बँड मारले, रक्त थांबलं आणि पाच दिवसांनी घरी सोडलं. झालं की मग. अपेंडिक्स काढल्यावर परत कुणी अपेंडिक्स काढायला जातं का, तसंच वाटलं सगळ्यांना. आणि पाचव्या आठवड्यात परत तीच मोरी, परत तेच रक्त, मामी बादलीनं पाणी ओततायत आणि लाल रंग काही जात नाही, आणि बार्शीहून सोलापूरला नेताना मामा गाडीत शुद्धीवर नव्हते.

वाचले ते. २०१८ सालची गोष्ट आहे. तेव्हापासून त्यांची फाईल मी सांभाळते, प्रत्येक दुर्बिणीच्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर मीच बसलेली असते, आणि तिथं शेजारी बसलेल्या बहुतेक घरांची अवस्था आमच्यासारखीच असते, म्हणजे बँड मारले हे माहीत असतं पण बँड मारल्यानंतर पुढची पाच-दहा वर्षं कशी जातात हे कुणी बसून सांगितलेलं नसतं. ओपीडीत डॉक्टरांपुढं शंभर माणसं उभी असतात, त्यांना तरी कुठं वेळ. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत जे विचारून आणि वाचून पक्कं झालंय तेवढंच लिहितेय, तुमच्या पेशंटचं काय करायचं ते तुमचे डॉक्टरच सांगणार.

आधी या शिरा फुगतात का ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आपण खातो ते पचल्यावर आतड्यातलं सगळं रक्त सरळ हृदयाकडं जात नाही, ते एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमधे जातं. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त हिच्यातूनच येतं. आता लिव्हर सिरॉसिसनं कडक आणि गाठीगाठीचं झालं की रक्ताला आत शिरायला वाट उरत नाही. आमच्याकडं उसाला पाटानं पाणी देतात, त्या पाटात गाळ साचला की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको, पाणी तुंबतं, चढतं, आणि जिथं बांध कच्चा असेल तिथून फोडून भलत्याच सरीत शिरतं. अगदी तसंच हे तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं, आणि अन्ननलिकेचा खालचा भाग, जिथं ती जठराला मिळते, तिथल्या शिरा असतात पातळ, त्या फुगायला लागतात. यांनाच डॉक्टर व्हॅरिसेस म्हणतात. पांथरी मोठी होणं, प्लेटलेट कमी होणं, पोटात पाणी होणं, हे सगळं त्याच तुंबण्याचे प्रकार.

हा दाब मोजता येतो, मानेच्या शिरेतून नळी घालून लिव्हरपर्यंत नेतात आणि मोजतात, मोजक्याच मोठ्या ठिकाणी करतात हे. निरोगी माणसात तो आकडा ५ च्या आत असतो. १० च्या वर गेला की शिरा फुगायला लागतात, १२ च्या वर गेला की फुटायची भीती सुरू होते. आणि उलट्या बाजूनं पण हे खरंय, उपचारांनी तो आकडा १२ च्या खाली आला किंवा आधी होता त्याच्या निदान २० टक्क्यांनी उतरला तर परत रक्त यायची शक्यता बरीच कमी होते. हा दाबाचा आकडा मनात ठेवा, कारण बँड या आकड्याला हातच लावत नाही. बांध जिथं फुटला तिथं आपण ढेकळं टाकून बुजवलं, पाटातला गाळ आहे तिथंच आहे, पाणी उद्या दुसरीकडून फोडणार.

आता बँड मारतात म्हणजे नक्की काय करतात. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला आत उभं राहून स्क्रीनवर बघू दिलं. दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपण बसवलेलं असतं आणि त्या टोपणावर बाहेरून सहा-सात बारीक रबरी रिंगा ताणून चढवलेल्या असतात. दुर्बीण अन्ननलिकेच्या तळाशी नेली की भिंतीला लागून निळसर, वेड्यावाकड्या, फुगलेल्या दोऱ्या दिसतात, आणि काहींच्या अंगावर लाल ठिपके किंवा लाल रेघा असतात, ते ठिपके वाईट, तिथं कातडं पार पातळ झालेलं असतं. डॉक्टर टोपण शिरेला टेकवतात, सक्शन सुरू करतात, शीर टोपणात ओढली जाते, सगळी स्क्रीन एकदम लाल होते, आणि त्याच क्षणी हातातली चकती फिरवली की एक रिंग सटकून त्या शिरेच्या मुळाशी घट्ट बसते. सक्शन सोडल्यावर दिसतं ते एक छोटं टपोरं जांभूळ, गळ्याशी करकचून आवळलेलं. मग थोडं वर, थोडं बाजूला, पुढची रिंग. असं साधारण खालच्या पाच सेंटीमीटरमधे करत येतात. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं.

ते जांभूळ काळं पडतं आणि आठवड्याभरात रिंगेसकट गळून पडतं आणि त्याच्या जागी उथळ जखम राहते, ती भरायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून बँडनंतर छातीत दुखतं, गिळताना टोचतं, म्हणून पहिल्या दिवशी गार पातळ आणि नंतर काही दिवस मऊ खायला सांगतात, कडक भाकरी, चिवडा, शेंगदाणे नकोत. थोड्या जणांना त्या जखमेतूनच आठवड्या-दीड आठवड्यानं रक्त येतं, म्हणजे बँड मारून आठ दिवस झाले आता काय व्हायचंय असं म्हणून गावच्या जत्रेला निघू नका.

आणि तीन आठवड्यांनी परत का बोलावतात तेही यातच आलं. एका वेळेला सगळ्या शिरा बांधता येत नाहीत, बांधलेल्या गळाल्या की राहिलेल्या दिसतात, त्या बांधायच्या, असं दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं करत करत शिरा पार नाहीशा होईपर्यंत जायचं. बहुतेकांना तीन-चार खेपा लागतात. आमची दुसरी खेप चुकली, आणि पहिल्या रक्तस्रावानंतरचे पहिले सहा आठवडे हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो, हे आम्हाला दुसऱ्या दवाखान्यात कळलं. पहिल्या दवाखान्यात एका वाक्यात कुणी मराठीत सांगितलं असतं तर मामींनी त्यांना ओढत नेलं असतं. याचा मला अजून राग येतो.

हे बँडिंग काही फार जुनं नाही. त्याआधी शिरेत औषध टोचून ती सुकवायचे, स्क्लेरोथेरपी, त्याची पहिली नोंद स्वीडनमधली, १९३९ सालची. मूळव्याधीला रबरी रिंग घालतात ना, तीच कल्पना उचलून अमेरिकेत डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन नावाच्या सर्जननी १९८० च्या दशकात ती अन्ननलिकेत नेली, आणि १९९२ मधे त्यांनी १२९ पेशंटवर दोन्ही पद्धतींची तुलना छापली. टोचून घेणाऱ्यांपैकी १०० तले ४५ दगावले, बँडवाल्यांपैकी २८. गुंतागुंत २२ टक्क्यांना विरुद्ध २ टक्क्यांना. त्यानंतर मोठ्या माणसांत टोचणं जवळपास मागंच पडलं, फार लहान बाळांत जिथं बँडची टोपी घशातून जातच नाही तिथं अजून करतात.

आता मुख्य प्रश्न, पुढं काय होतं.

पहिल्यांदा जवळचं बघू. ४०-४५ वर्षांपूर्वी अशा शिरा फुटल्या की सहा आठवड्यांत १०० तली चाळीसेक माणसं जायची. आता तो आकडा साधारण १५ ते २० वर आलाय. म्हणजे अजूनही हा आजार साधा नाही, पण निम्म्याहून जास्त फरक पडलाय, आणि तो एकट्या बँडमुळं पडलेला नाही. आल्या आल्या शिरांतला रक्तप्रवाह कमी करणारं टर्लीप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइडसारखं इंजेक्शन, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, बारा तासांच्या आत दुर्बीण, आणि रक्त मोजून मापून चढवणं, या सगळ्यांनी मिळून पडलाय. रक्ताचं ऐकून नातेवाईक चक्रावतात. आपल्याला वाटतं एवढं रक्त गेलं तर चार बाटल्या चढवा, पण २०१३ मधे बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त चढवलं तर जास्त माणसं जगतात. कारण परत पाटाचंच, जास्त रक्त भरलं की दाब वाढतो आणि बुजवलेलं भोक परत फुटतं. तेव्हा डॉक्टर रक्त देईनात म्हणून वॉर्डात भांडू नका, आमच्या घरातल्यांनी भांडण केलेलं आहे.

मग त्यानंतरची वर्षं. एकदा रक्त आलं आणि पुढं काहीच केलं नाही तर एक-दोन वर्षांत साधारण ६० टक्के लोकांना परत रक्त येतं. बँड आणि गोळी दोन्ही नीट चालू ठेवलं तर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. पण परत रक्त येणं न येणं हा अर्धाच हिशोब आहे, माणूस किती वर्षं जगतो तो हिशोब वेगळा. मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारा आकडा हा आहे: ज्यांना फक्त रक्तस्राव झालाय, बाकी पोटात पाणी नाही, कावीळ नाही, गुंगी-भ्रम नाही, त्यांच्यात पाच वर्षांत दगावण्याचं प्रमाण साधारण २० टक्के, आणि ज्यांना रक्तस्रावाबरोबर यातलं आणखी काही आहे त्यांच्यात ८० टक्क्यांच्या वर. शिरा त्याच, बँड तेच, डॉक्टर तेच असले तरी एवढा फरक. हा फरक लिव्हरनं पाडलेला आहे. नंतरच्या वर्षांत लोक जातात ते बऱ्याचदा रक्तस्रावानं नाही, तर लिव्हर थकल्यामुळं, इन्फेक्शननं, किडनी बंद पडून, किंवा सिरॉसिसमधे उगवलेल्या लिव्हरच्या कॅन्सरनं. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि बरोबर एएफपीची रक्ततपासणी सांगतात, ती बँडइतकीच महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तीच, कारण त्यावेळी पेशंटला काहीच होत नसतं.

आता गोळी. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. मेडिकलवाला म्हणतो ही तर बीपीची गोळी, शेजारचे म्हणतात बीपी नाही तर कशाला खाता, आणि पेशंट गुपचूप बंद करतो. १९८१ मधे पॅरिसच्या दिदिए लब्रेक यांनी ७४ पेशंटवर पहिल्यांदा नीट दाखवलं की प्रोप्रॅनोलॉलनं परत रक्त यायचं प्रमाण खूप घटतं. ही गोळी पाटात वरून सुटणारं पाणीच कमी करते, म्हणजे आतड्याकडून येणारा रक्ताचा लोंढा आवरते, त्यामुळं दाब खाली येतो, आणि बँड जे करत नाही ते ही करते. लिव्हरचे डॉक्टर आता बँड आणि गोळीच्या जोडीत गोळीलाच मोठं मानतात, विशेषतः ज्यांचं लिव्हर जास्त बिघडलंय त्यांच्यात. प्रोप्रॅनोलॉल असेल तर नाडी मिनिटाला ५५ ते ६० वर आणायचा प्रयत्न असतो, वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. दम्याच्या पेशंटला चालत नाही. डायबेटिस असेल तर साखर उतरल्यावरची धडधड ही गोळी लपवते, मामांना डायबेटिस आहे, म्हणून मामी धडधडीवर विसंबत नाहीत, घाम आला किंवा बोलणं तुटक झालं की सरळ मशीन लावतात. पोटात खूप पाणी झालं, किडनी बिघडली, बीपी उतरलं तर डॉक्टर गोळी कमी किंवा बंद करतात, ते त्यांनी ठरवायचं. आपण होऊन एका दिवसात बंद करायची नाही, दाब उसळी मारतो.

आणि ही गोळी ज्यांना कधीच रक्त आलेलं नाही त्यांच्यासाठी पण आहे. दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांच्या टीमनं १९९९ मधे, रक्त यायच्या आधीच मोठ्या शिरांना बँड मारले तर काय होतं हा अभ्यास केला होता, बँड आणि प्रोप्रॅनोलॉल समोरासमोर ठेवून, आणि त्यात बँडवाल्यांना कमी रक्तस्राव झाला. आज मोठ्या शिरा सापडल्या तर बँड किंवा गोळी यातलं काहीतरी करतातच. पण २०१९ मधे स्पेनमधून आलेल्या एका अभ्यासानं विचारच थोडा बदलला. लिव्हर अजून सांभाळून आहे पण दाब १० च्या वर गेलाय अशा २०१ लोकांना अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना नुसती खोटी गोळी दिली, आणि काही वर्षांनी गोळीवाल्यांपैकी १६ टक्के बिघडले किंवा दगावले, दुसऱ्या गटात २७ टक्के. फायदा मुख्यतः हा झाला, की गोळीवाल्यांत कमी जणांच्या पोटात पाणी झालं. म्हणजे गोळी नुसती शिरांची राखण करत नाही, लिव्हरचा पेशंट घसरणीला लागायचा वेळ पण पुढं ढकलते. इटलीत बव्हेनो नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, तिथं १९९० पासून या विषयातले डॉक्टर जमून नियम ठरवत आलेत, त्यांनी आता अशा लोकांसाठी कार्व्हेडिलॉलला पसंती दिलीय. त्यांचाच आणखी एक नियम, फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी, तिचा आकडा २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर शिरा बघायला दुर्बीण घालायची सहसा गरज नाही. दुर्बिणीला घाबरणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं.

शिरा नाहीशा झाल्या असं रिपोर्टवर आलं, इरॅडिकेटेड, की घरात पेढे वाटावेसे वाटतात. वाटा. पण त्या परत येतात. बऱ्याच जणांच्या वर्षा-दोन वर्षांत परत येतात, कारण गाळ तिथंच आहे. म्हणून पहिली तपासणी तीन ते सहा महिन्यांनी, मग दर सहा महिने ते वर्षानं, ती जन्मभर. मामांच्या मे २०१८ मधे गेल्या, २०२० मधे लॉकडाऊनमुळं एक तपासणी हुकली, आणि २०२१ मधे बघितलं तर दोन मोठ्या शिरा परत उभ्या होत्या, एकीवर लाल ठिपके. रक्त यायच्या आधी सापडल्या, परत दोन खेपा, परत गेल्या. यात कुणाचं काही चुकलं असं नसतं, आजाराचा स्वभावच तो. कधी कधी अन्ननलिकेतल्या बांधल्या की जठराच्या वरच्या भागात फुगतात, त्यांना बँड फारसा चालत नाही, तिथं दुर्बिणीतून एक प्रकारचा गोंद टोचतात, फेव्हिक्विकच्या जातीचाच असतो तो, रक्ताला लागला की क्षणात घट्ट होतो.

काही जणांना बँड आणि गोळी दोन्ही करूनही रक्त येत राहतं. त्यांच्यासाठी टिप्स नावाची वाट आहे. मानेतल्या शिरेतून जाऊन लिव्हरच्या आतून एक जाळीची नळी बसवतात, म्हणजे तुंबलेलं रक्त गाळाला वळसा घालून सरळ पलीकडं जातं, नवी चारीच खणल्यासारखं. दाब लगेच उतरतो. २०१० मधे युरोपातल्या ६३ पेशंटच्या अभ्यासात, ज्यांचं लिव्हर जास्त बिघडलेलं आणि धोका मोठा, अशांना ७२ तासांच्या आत ही नळी घातली तर वर्षानं ८६ टक्के जिवंत होते, नेहमीच्या उपचारात ६१ टक्के. मग सगळ्यांनाच का नाही घालत? कारण आतड्यातलं रक्त लिव्हरमधे गाळलं जायचं ते आता तसंच पुढं जातं, त्यातला अमोनिया मेंदूत पोचतो, आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याला गुंगी, विसराळूपणा, दिवसा झोप आणि रात्री जाग असे त्रास होतात. शिवाय हृदय कमजोर असेल, लिव्हर अगदीच संपत आलं असेल तर चालत नाही, खर्च मोठा आणि मोजक्या शहरांत होतं. तरी दोनदा-तीनदा रक्त आलेल्या पेशंटच्या घरच्यांनी, आमच्या पेशंटला टिप्स बसेल का, हे एकदा तोंडानं विचारावं.

गाळच काढायचा म्हणजे लिव्हर बदलायचं. ट्रान्सप्लांटनंतर दाब जातो, शिरा जातात, मूळ आजारच जातो. आपल्याकडं बहुतेक ट्रान्सप्लांट घरातल्या जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा घेऊन होतात, मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर अशा विभागांच्या समित्यांकडं नाव नोंदवायचं असतं. उशीर नका करू, एवढंच म्हणेन. लोक पेशंट अंथरुणाला खिळल्यावर ट्रान्सप्लांटची चौकशी सुरू करतात, तेव्हा शरीर ऑपरेशन झेपण्याइतकं उरलेलं नसतं.

पण थांबा, गाळ काही प्रमाणात आपणही काढू शकतो, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. दारूनं झालेलं असेल आणि दारू पूर्ण, म्हणजे पूर्ण, सुटली तर दाब उतरतो, महिन्या-महिन्यानं लिव्हर सावरतं. हिपॅटायटिस सी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, बी काबूत ठेवता येतो. मूळ कारण गेलं, औषधं बंद करूनही पोटातलं पाणी आणि गुंगी परत आली नाही, वर्षभर रक्त आलं नाही आणि लिव्हरचे रिपोर्ट सुधारून टिकले, तर डॉक्टर त्याला रिकॉम्पेन्सेशन म्हणतात, म्हणजे घसरलेली गाडी परत रुळावर. हे खरोखर होतं. आमच्या शेजारच्या बाकड्यावर येणारे एक काका आहेत, २०१९ मधे त्यांना स्ट्रेचरवरून आणायचे, दारू सुटली तशी ते आता स्वतःची फाईल काखेत मारून एकटे एसटीनं येतात.

मामांनी आयुष्यात दारू घेतलेली नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण वॉर्डात येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारायचा, किती घ्यायचे? आणि मामी खाली बघायच्या. त्यांचं फॅटी लिव्हर होतं, वीस वर्षांचा डायबेटिस आणि पोटाचा घेर, त्यातून सिरॉसिस झाला. आता असे पेशंट वाढतच चाललेत. त्यांच्यासाठी गाळ काढणं म्हणजे वजन आणि साखर, आणि ते दारू सोडण्याइतकंच अवघड आहे, मामांनी सात किलो उतरवायला दोन वर्षं घेतली.

लहान मुलांचं मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि आईबापांना उगाच घाबरवलं जातं म्हणून सांगते. आपल्या देशात मुलांना रक्ताच्या उलट्या होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पोर्टल व्हेनच लिव्हरच्या बाहेर बंद पडलेली असते, काही वेळा जन्मानंतर नाळेच्या जागी झालेल्या इन्फेक्शनमुळं. यांचं लिव्हर चांगलं असतं. त्यामुळं भांडंभर रक्त गेलं तरी मूल सावरतं, आणि बँडनं शिरा घालवल्या तर ही मुलं मोठी होतात, शाळा-कॉलेज करतात, वर्षानुवर्षं जगतात. पुढं त्यांचे प्रश्न वेगळे, मोठी पांथरी, कमी प्लेटलेट, उंची कमी राहणं, कधी पित्तनलिकेवर दाब येऊन कावीळ. काही मुलांत ऑपरेशननं शिरेला नवी वाट करून देता येते, एका प्रकारात तर रक्त परत लिव्हरमधेच वळवतात. म्हणून मुलाला बालरोगातल्या लिव्हरतज्ज्ञाला एकदा दाखवाच, मोठ्यांचे आकडे वाचून रडत बसू नका.

खाण्यापिण्याचं दोन ओळीत सांगते, कारण घरोघरी चुकतंय. लिव्हरचा पेशंट म्हणून डाळ बंद, अंडं बंद, नुसता वरणाचा पाणीदार भात, असं करू नका, सिरॉसिसमधे स्नायू झडतात आणि त्यांना प्रथिनं जास्तच लागतात, वजनाच्या किलोमागं रोज सव्वा ते दीड ग्रॅम. रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं, मामा दूध आणि राजगिऱ्याचा लाडू खातात, साखर बघून अर्धा. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, म्हणजे आधी पापड, लोणचं, फरसाण जातं. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणायचं नाही, त्यानं रक्तस्राव आणि किडनी दोन्हीचा धोका. पॅरासिटामॉल चालतं पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, आणि डॉक्टरांना विचारून. आणि लिव्हर साफ करणारे काढे आणि पावडरी. २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले होते, त्यावर वादही झाला, पण ज्याचं लिव्हर आधीच अर्धं गेलंय त्यानं त्या वादात आपला जीव घालू नये.

रक्त परत आलं तर ते नेहमी लाल उलटीच असेल असं नाही. चहाच्या चोथ्यासारखी काळपट उलटी, डांबरासारखी काळी चिकट घाण वासाची शी, उभं राहिल्यावर अंधारी, अचानक वाढलेली गुंगी, ही पण रक्ताचीच लक्षणं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते पण ती चिकट आणि तशी वासाची नसते, शंका असेल तर दवाखाना. पेशंटला कुशीवर झोपवून न्यायचं, पाणी-औषध काही पाजायचं नाही, आणि जिथं रात्री दुर्बीण होते तिथंच न्यायचं, ते ठिकाण आजच चौकशी करून ठेवायचं. पोचल्यावर पहिलं वाक्य, लिव्हरचा पेशंट आहे, शिरांना बँड झालेत. आमच्या घरात मामी, दोन्ही मामेभाऊ आणि मी, सगळ्यांच्या मोबाईलमधे शेवटच्या दुर्बिणीच्या रिपोर्टचा फोटो आहे, गोळ्यांच्या चिठ्ठीचा आहे, रक्तगटाचा आहे, आणि मामींच्या मोबाईलमधे तो जुन्या डिस्चार्ज कार्डाचा पण आहे, खालून दुसऱ्या ओळीवर लाल गोल केलेला.